धुराच्या पडद्याआडची उष्णता

इसवी सन १७८३ च्या उन्हाळ्यांत युरोपच्या बऱ्याच मोठ्या भागावर एक विलक्षण धुकें पसरलें होतें. तें ओलें नव्हतें, उन्हानें विरत नव्हतें, आणि त्याच्या आडून दिसणारा सूर्य निस्तेज भासत असे. त्याच वर्षीं आइसलंडांतील लाकी येथें भूमि दुभंगून महिनोन्महिने लाव्हारस आणि गंधकाचा वायु बाहेर पडत होता. पुढील हिवाळा फार कडक गेला. त्या वेळीं पॅरिसजवळ राहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिननें या गोष्टींचा परस्परसंबंध लावण्याचा प्रयत्न केला. १७८४ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत त्यानें असा तर्क मांडला कीं, या कोरड्या धुक्यानें सूर्यकिरणांचा जोर कमी केल्यामुळें जमीन नेहमींइतकी तापली नसावी, आणि धुक्याचें मूळ कदाचित् आइसलंडांतील ज्वालामुखींत असावें.

फ्रँकलिनचा हा प्रश्न आज निराळ्या रूपानें जगापुढें उभा आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळल्यानें कार्बन डायॉक्साइड वायु हवेंत सांचतो आणि पृथ्वीची उष्णता सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं, हें आतां सर्वश्रुत आहे. परंतु त्याच चुलींतून आणि त्याच धुराड्यांतून दुसरेंही कांहीं बाहेर पडतें. तें म्हणजे काजळी, राख, आणि ज्याचे पुढें हवेंतच अम्लाचे बिंदु व क्षाराचे कण बनतात असा गंधकाचा वायु. हवेंत तरंगणाऱ्या अशा घन वा द्रव कणांना शास्त्रज्ञ ‘एरोसोल’ म्हणतात. एकंदरींत पाहतां हे कण पृथ्वीला थंड ठेवतात. म्हणजे मनुष्य एका हातानें पृथ्वी तापवीत आहे आणि दुसऱ्या हातानें नकळत तिच्यावर एक विरळ पडदा धरीत आहे. हा पडदा किती दाट आहे, आणि तो दूर झाल्यास किती उष्णता उघडी पडेल, हें सांगण्याचें काम हवामानाच्या गणिती प्रतिमानांवर येऊन पडलें आहे. तीं तें कसें करतात आणि त्यांची अडचण नेमकी कोठें आहे, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण पुढील पन्नास वर्षांच्या उन्हाळ्यांचा व पावसाळ्यांचा अंदाज पुष्कळ अंशीं त्यावर अवलंबून आहे.

हवेंतील सर्वच कण मनुष्यनिर्मित नसतात. वाळवंटांतील धूळ, समुद्राच्या लाटा फुटून उडणारें मीठ, वणव्यांचा धूर, झाडांपासून निघणाऱ्या सुगंधी वाफांतून बनणारे कण हे सारे निसर्गाचे होत. त्यांत कारखाने, वीजकेंद्रें, मोटारी, जहाजें, शेतांतील जाळपोळ आणि घरोघरच्या चुली यांनीं भर घातली. मनुष्यनिर्मित कणांपैकीं बहुतेक इतके बारीक असतात कीं, मिलिमीटरचा हजारावा भागही त्यांच्या मानानें मोठा ठरावा. त्यांचें आयुष्यही अल्प असतें. कार्बन डायॉक्साइडचा बराच भाग शतकानुशतकें वातावरणांत राहतो. हे कण मात्र आठवड्या-पंधरवड्यांत पावसाबरोबर खालीं येतात. म्हणून कार्बन डायॉक्साइड साऱ्या पृथ्वीवर जवळजवळ सारखा पसरलेला आढळतो, तर कणांचा थर उगमस्थानाजवळ दाट, दूर गेल्यावर विरळ, हिवाळ्यांत एक आणि पावसाळ्यांत दुसराच, असा असतो. गणित करणाऱ्याच्या दृष्टीनें ही पहिली अडचण होय.

या कणांचें कार्य दोन प्रकारें चालतें. पहिला प्रकार सरळ आहे. गंधकापासून बनलेले पांढरे कण सूर्यप्रकाश विखरून टाकतात व त्याचा कांहीं भाग अंतराळांत परत पाठवितात. काजळीचें वर्तन याच्या उलट असतें. ती प्रकाश शोषून घेते, स्वतः तापते आणि भोंवतालच्या हवेला तापविते. १९९९ सालच्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत हिंदी महासागरावर एक मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली. तिचें नेतृत्व व्ही. रामनाथन् व पॉल क्रुट्झेन या शास्त्रज्ञांकडे होतें, आणि ‘सागरकन्या’ हें भारताचें संशोधन-जहाजही तींत सामील होतें. दक्षिण आशियांतून निघालेला तपकिरी धूर हिवाळी वाऱ्यांबरोबर अरबी समुद्रावरून पार मालदीव बेटांपलीकडे जातो, असें तेव्हां दिसून आलें. या धुरांत काजळी बरीच असल्यामुळें समुद्राच्या पृष्ठभागावरील ऊन लक्षांत येण्याजोगें कमी झालें होतें; परंतु अडलेल्या उन्हाचा मोठा भाग अंतराळांत न जातां वरच्या हवेंतच मुरत होता. पृष्ठभाग थंड आणि वरील हवा उबदार, अशी ही विषम स्थिति होती. सर्व धूर एकाच मापानें मोजतां येत नाहीं, हा धडा या पाहणीनें ठळकपणें घालून दिला.

कणांचें दुसरें कार्य ढगांच्या द्वारां होतें, आणि खरा गुंता तेथेंच आहे. स्कॉटलंडांतील जॉन एटकेन यानें १८८० च्या सुमारास साध्या प्रयोगांनीं दाखविलें कीं, हवेंत सूक्ष्म धूळ नसेल तर वाफेचें धुकें होत नाहीं. ढगांतील प्रत्येक बिंदूला बसावयास एक कण लागतो. आतां एखाद्या ढगांत पाणी तितकेंच राहिलें आणि कण मात्र वाढले, तर तेंच पाणी अधिक बिंदूंत वांटलें जातें व प्रत्येक बिंदु लहान होतो. खडीसाखरेचा खडा पुष्कळसा पारदर्शक असतो. तोच कुटून त्याची पिठी केली कीं ती पांढरीशुभ्र दिसते. साखर तीच, परंतु प्रकाश परतविणारे पृष्ठभाग असंख्य झाले. ढगाचेंही तसेंच होतें. धुरानें भरलेल्या हवेंतील ढग अधिक शुभ्र होतो आणि अधिक ऊन परत पाठवितो. ही गोष्ट शॉन ट्वूमी या शास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत मांडली. १९८९ सालीं ब्रूस आल्ब्रेख्ट यानें तींत आणखी एक भर घातली. पावसाचा एक थेंब बनावयास सुमारें दहा लाख ढगबिंदु एकत्र यावे लागतात. बिंदु फार लहान असले तर ते लवकर एकमेकांत मिसळत नाहींत, पाऊस लांबतो, आणि ढग अधिक काळ टिकून अधिक पसरूं शकतो.

हें सर्व प्रतिमानांत कसें उतरवावयाचें? हवामानाचें प्रतिमान म्हणजे वारा, उष्णता, बाष्प आणि प्रकाश यांच्या नियमांचीं समीकरणें होत. पृथ्वीचें वातावरण व महासागर यांचे लहान लहान ठोकळे कल्पून प्रत्येक ठोकळ्यासाठीं हीं समीकरणें गणकयंत्राकडून पुनःपुन्हां सोडवून घेतात. अशा अनेक प्रतिमानांत जमिनीवरील एका चौकटीची बाजू सुमारें शंभर किलोमीटर असते. सह्याद्रीच्या प्रदेशांत अशी एक चौकट ठेवली, तर कोंकणची किनारपट्टी, घाटमाथा आणि देशावरचा कांहीं भाग इतकें सारें तींत मावतें. महाबळेश्वरचा धो धो पाऊस आणि घाटाच्या पायथ्याशीं असलेल्या वाईचा बेताचा पाऊस यांचा तेथें एकच सरासरी आंकडा होतो. ज्या चौकटींत सह्याद्रीसारखा पर्वत बोथट होतो, तींत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण आणि एखाददुसरा किलोमीटर रुंदीचा ढग प्रत्यक्ष दाखविणें अशक्यच आहे. त्यांचा केवळ सामुदायिक परिणाम सूत्ररूपानें सांगावा लागतो.

प्रारंभीं ही सूत्रें फारच ढोबळ होतीं. ब्रिटिश हवामानखात्याच्या हॅडली केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रख्यात प्रयोगांत गंधकाचे कण हवेंत मुळीं सोडलेलेच नव्हते. जेथें धूर दाट असावा, तेथें प्रतिमानांतील जमिनीची प्रकाश परतविण्याची शक्ति थोडी वाढविली, एवढेंच. तरीही परिणाम बोधप्रद ठरला. केवळ वायूंचा विचार करून चालविलेलें प्रतिमान पृथ्वीला प्रत्यक्षापेक्षां अधिक तापवीत होतें; धुराचा हा ओबडधोबड हिशेब धरतांच त्याचें उत्तर निरीक्षणांच्या पुष्कळ जवळ आलें. धूर वगळून गेल्या शतकाचा अर्थ लागत नाहीं, हें त्यावरून स्पष्ट झालें.

आजचीं प्रगत प्रतिमानें कणांचें सारें जीवनचरित्र हिशेबांत घेतात. प्रथम जन्म. १८५० सालापासून कोणत्या देशांत किती कोळसा व तेल जळलें, त्यांत गंधक किती होता, किती रान पेटलें, यांच्या नोंदींवरून प्रत्येक चौकटींत दरमहा किती वायु व काजळी सोडावयाची तें ठरतें. समुद्राचें मीठ आणि वाळवंटाची धूळ मात्र प्रतिमान स्वतःच आपल्या वाऱ्याच्या वेगावरून काढतें. नंतर वाढ. वायूचे कण बनतात, कण एकमेकांस चिकटतात, काजळीवर क्षाराचें कवच बसतें आणि जुनी काजळी नव्या काजळीहून निराळी वागूं लागते. नंतर प्रवास, आणि अखेरीस पावसानें वा गुरुत्वानें शेवट. प्रत्येक कणाची नोंद ठेवणें शक्य नसल्यामुळें त्यांचे गट पाडतात. धान्य चाळतांना निरनिराळ्या भोंकांच्या चाळण्या वापराव्या, त्याप्रमाणें कांहीं प्रतिमानें कणांची आकारमानाप्रमाणें अनेक कप्प्यांत वांटणी करतात; दुसरीं तीन-चार गटच मानून प्रत्येक गटांतील कणांची एकूण संख्या व एकूण वजन एवढेंच लक्षांत ठेवतात. कप्पे जितके अधिक, तितकें गणित सूक्ष्म, परंतु तितकाच यंत्राचा वेळ व खर्चही वाढतो.

येथवरचें काम कष्टाचें असलें तरी सरळ आहे. यानंतर ढगाचें दार येतें. कणांपैकीं किती कणांवर बिंदु जमतील हें हवा किती वेगानें वर चढते त्यावर ठरतें. आणि हा वेग ढगाच्या एका भागांत एक, तर शंभर मीटरांवर दुसराच असतो. प्रतिमानाजवळ साऱ्या चौकटीची मिळून जी सरासरी असते, ती जवळजवळ शून्य. म्हणून ‘चौकटीच्या आंत वेगाची वांटणी बहुधा अशी असेल’ असें गृहीत धरून पुढें जावें लागतें. बिंदूंपासून पाऊस केव्हां सुरू होतो, कोरडी हवा ढगांत शिरून त्याला किती लवकर आटविते, याचींही अशींच सूत्रें असतात. तीं मोजमापांवर आधारलेलीं असलीं तरी त्यांतील कांहीं आंकडे मर्यादेंत राहून जुळवून घ्यावे लागतात. सूत्र बदललें कीं ढगाची शुभ्रता बदलते, आणि तिच्याबरोबर साऱ्या पृथ्वीचा उष्णतेचा हिशेब हलतो.

प्रतिमानांची परीक्षा अधूनमधून निसर्गच घेतो. फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा १५ जून १९९१ रोजीं प्रचंड स्फोट झाला आणि सुमारें दीड ते दोन कोटि टन सल्फर डायॉक्साइड थेट त्या उंच स्तरांत गेला, जेथें पाऊस पोंचत नाहीं. न्यूयॉर्कच्या गोडार्ड संस्थेंतील जेम्स हॅन्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं आपल्या प्रतिमानाच्या आधारें १९९२ च्या प्रारंभींच असें भाकीत प्रसिद्ध केलें कीं, पृथ्वीचें सरासरी उष्णतामान तात्पुरतें सुमारें अर्ध्या अंशानें उतरेल आणि मग पुन्हां चढेल. तें खरें ठरलें. मात्र त्या उंचीवर ढगांचा प्रश्न फारसा नव्हता. ढगांची कसोटी लागली ती २०१४ च्या ऑगस्टपासून २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत, जेव्हां आइसलंडांतील होलुह्रौन येथून गंधकाचा वायु समुद्रावरील खालच्या ढगांत मिसळत राहिला. उपग्रहांनीं दाखविलें कीं, ट्वूमीच्या सिद्धांताप्रमाणें ढगबिंदु खरोखरच लहान झाले. परंतु ढगांतील पाण्याचा सांठा, जो कांहीं प्रतिमानांच्या मतें बराच वाढावयास हवा होता, तो ध्यानांत येण्याइतका वाढला नाहीं. पुढें २०२२ सालीं त्याच घटनेच्या दुसऱ्या एका अभ्यासांत ढगांचें क्षेत्र मात्र वाढल्याचें आढळलें. म्हणजे पहिला परिणाम निश्चित, दुसऱ्याचें स्वरूप अजून वादग्रस्त, अशी ही अवस्था आहे.

आणखी एक गैरसोय भूतकाळाची आहे. मनुष्याच्या धुरानें किती फरक पडला हें सांगावयास धूर येण्यापूर्वींची हवा कशी होती हें ठाऊक असावें लागतें. आणि १८५० पूर्वींच्या ढगांतले कण कोणीच मोजून ठेवलेले नाहींत. स्वच्छ हवेंत थोडेसे कण मिसळले तरी ढग पुष्कळ बदलतो, मळकट हवेंत तेवढेच मिसळले तर फारसा बदलत नाहीं. म्हणून आरंभाची हवा किती स्वच्छ होती, या एका गृहीतावर पुढील साऱ्या उत्तराचा भार पडतो.

या अनिश्चिततेचें मोल काय आहे, तें व्यापाऱ्याच्या खातेवहीवरून चांगलें ध्यानांत येईल. ज्याला केवळ शिल्लक दिसते त्याला जमा किती व खर्च किती हें सांगतां येत नाहीं. पृथ्वीच्या उष्णतेची शिल्लक नीट मोजलेली आहे. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें २०१० ते २०१९ या दशकांत पृथ्वीचें उष्णतामान सुमारें १.१ अंश सेल्सिअसनें अधिक होतें. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें काम करणाऱ्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळानें २०२१ सालीं दिलेल्या अहवालाप्रमाणें उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंनीं या काळांत १ ते २ अंशांची भर घातली असावी, आणि मुख्यतः धुराच्या कणांनीं शून्यापासून ०.८ अंशापर्यंत वजाबाकी केली असावी. शक्तीच्या मापांत सांगावयाचें तर १७५० पासून २०१९ पर्यंत कार्बन डायॉक्साइडमुळें दर चौरस मीटरवर सुमारें २.१६ वॅट इतकी भर पडली. कणांची वजाबाकी सुमारें १.१ वॅट असली तरी ती ०.४ ते १.७ यांच्या दरम्यान कोठेंही असूं शकते. वजाबाकी थोडी असेल तर वायूंचा खरा प्रभाव बेताचा आहे. ती मोठी असेल, तर पृथ्वी वायूंना अधिक तीव्रतेनें प्रतिसाद देते आणि ती तीव्रता आजवर धुराआड लपून राहिली आहे, असें म्हणावें लागेल. जेफ्री कील या अमेरिकन शास्त्रज्ञानें २००७ सालीं नेमकें हेंच निदर्शनास आणलें. त्या वेळचीं निरनिराळीं प्रतिमानें विसाव्या शतकाचें उष्णतामान जवळजवळ सारखेंच दाखवीत होतीं, परंतु ज्यांत पृथ्वी अधिक तापट मानलेली होती, त्यांत सामान्यतः कणांचा थंडावाही अधिक धरलेला होता. मागील शतकाचें उत्तर जुळलें म्हणून पुढील शतकाचेंही जुळेल, असा भरंवसा त्यामुळें धरतां येत नाहीं.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. धुराचे कण पृथ्वीच्या सर्व भागांवर सारखे नसल्यामुळें ते वाऱ्यांची व पावसाचीही घडी बिघडवितात. मोसमी पाऊस जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यांतील फरकावर पोसला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिण आशियावरील धुरानें जमिनीवरचें ऊन कमी केलें, उत्तर गोलार्ध दक्षिणेच्या मानानें थंड ठेवला, आणि वायूंमुळें जो पाऊस वाढावयाचा तो दाबून धरला, असा निष्कर्ष प्रतिमानांच्या साह्यानें निघालेला आहे. वर उल्लेखिलेल्या अहवालानेंही त्याला मोठ्या खात्रीनें दुजोरा दिला. त्या अहवालासाठीं जगांतील ज्या प्रतिमानांची तुलना झाली, त्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत सिद्ध झालेलें एक प्रतिमानही होतें. ज्या प्रदेशांत पेरणी पावसावर अवलंबून आहे, तेथें हा हिशेब शेतकऱ्याच्या दारापर्यंत येऊन पोंचतो.

पडदा आतां विरळ होऊं लागला आहे. १ जानेवारी २०२० पासून समुद्रावरील जहाजांच्या इंधनांत गंधकाचें प्रमाण ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणण्याचा आंतरराष्ट्रीय नियम अंमलांत आला, आणि जहाजांच्या मागें ढगांत उमटणाऱ्या शुभ्र रेषा कमी झाल्याचें उपग्रहांनीं टिपलें. चीननेंही आपल्या वीजकेंद्रांतील गंधक फार मोठ्या प्रमाणावर घटविला आहे. २०२३ व २०२४ या दोन वर्षीं उष्णतामानाचे पूर्वींचे उच्चांक मोडले; त्यांत या स्वच्छतेचा वांटा किती, यावर शास्त्रज्ञांचीं मतें भिन्न आहेत. मतभेदाचें कारण वर सांगितलेलें ढगाचें दारच होय. फेब्रुवारी २०२४ मध्यें अमेरिकेनें ‘पेस’ नांवाचा उपग्रह सोडला. परावर्तित प्रकाशाचे सूक्ष्म गुणधर्म मोजून कणांचा आकार व प्रकार ओळखणारीं उपकरणें त्याच्यावर आहेत. याच स्वरूपाचें काम करावयास निघालेला ‘ग्लोरी’ उपग्रह २०११ सालीं कक्षेंत न पोंचतां समुद्रांत पडला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे अशा मोजमापाची किती वाट पाहावी लागली तें कळेल.

मग हवा मळकट ठेवावी काय? तसें म्हणणें अविचाराचें होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं बाहेरच्या दूषित हवेमुळें सुमारें ४२ लाख माणसें अकालीं मरण पावलीं. शिवाय हा पडदा टिकवावयाचा तर दर आठवड्यास नवा धूर ओतीत राहिलें पाहिजे, आणि त्याच चुलींतून निघणारा कार्बन डायॉक्साइड मात्र सांचतच जाणार. धूर शमला कीं त्याचा थंडावा कांहीं आठवड्यांत नाहींसा होतो. वायूंची उष्णता पुढील पिढ्यांच्या वांट्यास राहते. म्हणून हवा स्वच्छ करणें आणि वायूंचें उत्सर्जन घटविणें हीं दोन्ही कामें बरोबरच चालावीं लागतील. त्यांतही मिथेनसारखे जे वायु दहा-बारा वर्षांत हवेंतून नाहींसे होतात, ते लवकर कमी केल्यास पडदा सरल्यानें वाढणाऱ्या उष्णतेचा कांहीं भार हलका होऊं शकेल. तो भार नेमका किती, हें प्रतिमानें अद्याप एका आंकड्यांत सांगूं शकत नाहींत. परंतु तो आहे आणि धूर निवळतांच तो दिसूं लागेल, एवढें त्यांनीं निःसंशय दाखवून दिलें आहे. आणि नगराची, शेतीची व पाण्याची पुढील योजना आंखणाऱ्यांना तेवढ्या ज्ञानावरच आज पाऊल उचलावयाचें आहे.